मापातलं पाणी

अकरावीच्या मुलांना पेशीचं पटल शिकवायचं असलं की मी आमच्या घराचा गडगा वर्गात नेते. जांभ्याचे दगड, चुना-सिमेंट काही न लावता नुसते एकावर एक रचलेले. मुलं रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतून एसटीने येणारी, त्यामुळे गडगा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. मी विचारते, "गडग्यातून काय काय जातं?" हात वर होतात. पाणी जातं, वारा जातो, मुंग्या जातात, एखादा सापही जातो. "आणि म्हैस?" म्हैस जात नाही. तिच्यासाठी बेडं उघडावं लागतं, म्हणजे फाटकाचे आडवे वासे एकेक करून काढावे लागतात आणि त्यासाठी घरातल्या कुणाला तरी उठून यावं लागतं. एवढं झालं की निम्मा धडा संपला. मग मी फळ्यावर चरबीच्या कणांची दुहेरी रांग काढते. डोकी पाण्याकडे, शेपट्या आत लपवलेल्या, कारण त्यांना पाण्याचं वावडं. मधेमधे प्रथिनांचं एकेक बेडं. प्राणवायूसारखे बारीक कण आपले आपण आरपार जातात, साखरेला आणि क्षारांना दार लागतं, आणि कमी गर्दीतून जास्त गर्दीत कुणाला ढकलायचं असेल तर पेशीला पदरची ताकद घालावी लागते.

मुलं हसतात, वह्या भरतात, परीक्षेत चार गुण मिळवतात. मीही कित्येक वर्षं हा धडा असाच हसत शिकवला. आता गडग्यापाशी आले की मी जरा घाईने पुढे जाते.

माझे वडील मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. तिथे मोठ्या हौदात मिठाचं पाणी असतं, इतकं गार की हात घातला तर बधिर व्हावा, पण मिठामुळे ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडतात. बाहेर खारं, आत गोडं, मधे पत्रा. आतलं पाणी गोठलं की बर्फाची लादी तयार. पत्रा गंजून कुठे सुईएवढं भोक पडलं की खारं पाणी आत शिरतं. मग ती लादी धड गोठत नाही, बुडाशी दुधाळ आणि भुसभुशीत राहते आणि ट्रॉलरवर चढेपर्यंत निम्मी होते. संशय आला की बाबा लादीवर बोट फिरवून जिभेला लावायचे आणि ओरडायचे, "डबा गळला!" मग तो डबा बाजूला. घरी आमटी खारट झाली तरी ते ताटावरून मान वर न करता एवढंच म्हणत आणि आई पळी आपटत असे. आई गेली, बाबांचं काम सुटलं, तरी हे वाक्य घरात राहिलं. माझ्या हातची आमटी तर बहुतेक वेळा गळकीच असायची.

मी लग्न केलं नाही. भाऊ मुंबईला असतो, तो फोनवरून काळजी करतो. त्यामुळे बाबांची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत असं कळलं, त्या दिवशी डॉक्टरांसमोर आम्ही दोघंच होतो. रक्तदाब जुना होता आणि गोळी आठवेल तेव्हा घ्यायची पद्धत त्याहून जुनी. डॉक्टर म्हणाले, "डायलिसिस अजून लांबवता येईल, पण पथ्य कडक पाळायला हवं." मीठ बेताचं. पाणी मोजून. फळं जवळजवळ बंद. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी ओतायचं, नव्या पाण्यात शिजवायची, तेही पाणी ओतायचं, आणि मग उरेल ती भाजी. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, जास्त असतं तिथून कमी असतं तिकडे. हे विसरण मी इतकी वर्षं फळ्यावर बाणांनी दाखवत होते, आता रोज सकाळी मोरीत ओतायला लागले. बाबांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "बाय, ही भाजी हाय का धुतलेला कापड?"

पाण्याची एक स्टीलची बाटली ठरली. सकाळी मी ती भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. ती संपली की दिवसाचं पाणी संपलं. औषधाचा घोट, दुपारची तहान, जेवणानंतरची चूळ, सगळं त्यातच. बाबा उभा जन्म पाण्याच्या लाद्या उचलत जगले होते. ते त्या बाटलीकडे बघत बसायचे आणि मला ते बघवायचं नाही, पण मी बाटली वाढवली नाही. मला ते जगायला हवे होते, दुसरं काहीही नको होतं.

आणि मग माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही आणि त्या हातात बहुधा शहाळं असतं. घरच्या माडाचं, सकाळीच काढलेलं. आजाऱ्याला शहाळं चालत नाही ही गोष्ट इथल्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही. शहाळ्याचं पाणी पोटॅशियमने भरलेलं असतं आणि ज्याची मूत्रपिंडं ते बाहेर काढू शकत नाहीत त्याच्यासाठी ते विष आहे, हे मी पडवीत उभी राहून येईल त्याला सांगत होते. लोक ऐकून घ्यायचे आणि निघताना हळूच म्हणायचे, "शहाळ्यानं कुणाला काय झालंय?" पडवीच्या कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग झाला. मी ती कॉलेजातल्या शिपायांना वाटून टाकायची. बाबा नुसते बघायचे.

बाबांची थोरली बहीण, माझी आते, आमच्याच वाडीत खाली खाडीच्या अंगाला राहते. नवरा लवकर गेला, मूल नाही. बाबांची आई ते लहान असतानाच वारली, तेव्हापासून त्यांना हिनेच वाढवलं. बाबा सत्तरीचे झाले तरी त्यांनी जेवताना भात टाकलेला तिला खपत नसे. मी सकाळी कॉलेजला निघाले की ती यायची आणि दुपारी मी परत येईपर्यंत त्यांच्यापाशी बसायची. तिला मी सगळं पथ्य सांगितलं होतं, दोनदा, वर्गात सांगते तसं. ती मान हलवत होती. मान हलवणं म्हणजे कळणं नव्हे, हे खरं तर मला माझ्या विद्यार्थ्यांवरून ठाऊक असायला हवं होतं.

एका दुपारी मी घरी आले तर बाबा न्हाणीघराच्या दारात बसलेले. पडले नव्हते, नुसते बसले होते. "पाय उचलत नाय गो," म्हणाले. मला वाटलं अशक्तपणा. उठवायला गेले तर हातांतही जोर नव्हता आणि नाडी बोटाखाली कशीतरीच लागत होती, मधेच थांबून, मधेच धावून. रिक्षात ते माझ्या खांद्यावर मान टाकून होते. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, कागद बाहेर आला आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. धावपळ झाली, इंजेक्शनं झाली, तातडीने डायलिसिस लावलं.

मी बाहेर बाकावर बसले होते आणि माझ्या डोक्यात वेड्यासारखा धडा चालला होता. प्रत्येक पेशीच्या पटलात एक पंप असतो, तो अहोरात्र तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. पोटॅशियम बाहेर कमी, आत जास्त. ह्या फरकावर हृदयाचा ठोका चालतो. बाहेरच पोटॅशियम वाढलं की फरक कमी होतो, आणि फरक पुरता गेला की हृदय थांबतं. गेल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, पंप दमत नाही का?" मी म्हणाले होते, जिवंत आहे तोवर नाही. सगळा वर्ग हसला होता.

आते धावत आली, पदर खांद्यावरून सुटलेला. मी तिला विचारलं, "काय दिलंस त्यांना?" तिने लपवलं नाही. लपवण्यासारखं आपण काही केलंय असं तिला वाटतच नव्हतं.

"शहाळ्याचा पानी दिला."

"किती?"

"मापात दिला गो बाय! तुज्या बाटलीचा माप नाय मोडला. बाटलीतला पानी अबोलीला घालायची आनि तेवढाच शहाळ्याचा भरायची. एवढासा पानी पितो तो, मग निदान त्यात कायतरी जीव नको? नुसत्या पान्यावर मानूस कसा उभा राहील?"

किती दिवस, हे मी विचारलं नाही. पडवीसमोरची अबोली का एवढी बहरली होती ते मला कळलं. तिने माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती. पाणी मोजून द्यायचं, ते तिने मोजून दिलं होतं, एक घोट जास्त नाही. एरवी मी एखाद्या मुलाचा असा चुकलेला पेपर तपासताना तरी हसले असते. तेव्हा माझं डोकं भणाणून गेलं. त्या व्हरांड्यात, लोकांदेखत, मी तिला म्हणाले, "तुझ्या मायेने मारलं असतंस त्यांना. आजपासून आमच्या घरात पाऊल टाकू नकोस." तिने नळावर जाऊन तोंड धुतलं आणि चालत घरी गेली. म्हाताऱ्या बाईला असं बोलायला नको होतं, असं वाडीतले लोक अजून म्हणतात. म्हणोत. मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं.

बाबा वाचले, पण मूत्रपिंडांत आता काही राहिलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्राला जोडून घ्यायला बाबा तयार होईनात. तेव्हा डॉक्टरांनी पोटातलं डायलिसिस सुचवलं. ते घरी करता येतं. आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या बाजूला एक पातळ पडदा पसरलेला असतो, त्याच पडद्याला मूत्रपिंडाचं काम द्यायचं. पोटातून एक नळी कायमची बाहेर काढून ठेवतात. उंचावर टांगलेल्या पिशवीतलं साखरेचं पाणी त्या नळीने पोटात सोडायचं आणि काही तास आत ठेवायचं. पडद्याच्या पलीकडे रक्त, अलीकडे हे पाणी. रक्तातली घाण पडद्यातून आपली आपण अलीकडे उतरते आणि साखरेच्या ओढीने अंगातलं जास्तीचं पाणीही येतं. मग सगळं खालच्या पिशवीत काढून टाकायचं आणि नवं भरायचं. डॉक्टर नवशिक्यांना समजावतात तसं बोलत होते. मी म्हणाले, "परासरण." ते हसले आणि म्हणाले, "मग तुम्हाला सोपं जाईल."

सोपं अजिबात नव्हतं. मधली खोली रिकामी केली, भिंतींना नवा रंग दिला, पडदे काढले. पिशवी बदलताना दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि नळीचं टोक कुठेही लागता कामा नये. एक जंतू आत गेला की पोट सडतं. मे महिन्यात त्या बंद खोलीत आम्ही दोघं घामाने निथळत बसायचो आणि बाबा छताकडे बघत म्हणायचे, "बर्फाच्या कारखान्यातून भट्टीत आनलास गो मला." खाली उतरलेली पिशवी मी काट्याला अडकवून वजन करायची. घातलं त्याहून जास्त बाहेर आलं की जीव भांड्यात पडायचा. मग पिशवी उजेडात धरायची. पाणी पिवळसर आणि नितळ असलं पाहिजे, गढूळ नको. बाबाही मान उंचावून बघायचे. नितळ असलं की म्हणायचे, "डबा शाबूत हाय." त्या दिवसांत आम्ही सुखी होतो असं मला आता वाटतं, आणि तसं वाटलं की रडू येतं.

माणसं कमी येऊ द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते अगदी मनापासून पाळलं. बेड्याचे वासे दिवसभर लावलेले असायचे. सकाळची पिशवी करून मी कॉलेजला जायची आणि दुपारच्या पिशवीला परत यायची. मधल्या वेळात बाबा पडवीत खुर्चीवर बसायचे. आणि आते गडग्याच्या पलीकडे उभी राहायची. तिथून तिला पडवी दिसत असे, खोलीची काचेची खिडकीही दिसत असे. सुट्टीच्या दिवशी मी ते घरातून ऐकायची.

"रे, जेवलास?"

"जेवलो अक्का."

"काय होता?"

"धुतलेला कापड."

मग दोघं हसायची. ती उन्हात उभी, हे सावलीत बसलेले, मधे छातीएवढा गडगा. वासे काढून आत येणं तिला काही जड नव्हतं, जन्मभर तेच करत आली होती. पण तिने एकदाही वाशाला हात लावला नाही. आणि मीही तिला आत ये म्हटलं नाही. आत आली तर पदराखाली काय घेऊन येईल, ह्याची मला खरोखर भीती वाटत होती.

असे दोन पावसाळे गेले, तिसरा निम्मा झाला आणि पिशवीचं वजन कमी यायला लागलं. आधी मला काट्याचीच शंका आली. नवा काटा आणला, तोही तेच सांगू लागला. जेवढं घातलं जेमतेम तेवढंच परत. मग त्याहूनही कमी. बाबांच्या पायांवर बोट दाबलं की खळगा राहू लागला, झोपल्यावर दम लागू लागला. डॉक्टरांनी जास्त साखरेच्या पिशव्या दिल्या. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. रोज साखरेच्या पाण्यात राहून राहून पडदा जाड होतो, निबर होतो, असं डॉक्टर म्हणाले. साखरच भराभर पडद्यातून रक्तात शिरते आणि मग पाणी ओढायला अलीकडे ओढच उरत नाही. ज्या साखरेने त्यांना तगवलं तिनेच पडदा खाल्ला होता.

त्याच आठवड्यात कॉलेजात प्रात्यक्षिक होतं. जांभळ्या पानाची साल मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पेशीतलं पाणी बाहेर निघून जातं आणि जांभळा रंग आक्रसून मधोमध गोळा होतो. मग तीच साल साध्या पाण्यात ठेवली की रंग हळूहळू पसरतो आणि पेशी पुन्हा भरते. मुलांना हे फार आवडतं. एका गटाने साल मिठात तशीच विसरली होती. नंतर त्यांनी साध्या पाण्यात घातली, बराच वेळ वाट पाहिली. काही होईना. "मॅडम, परत का नाही येत?" मी म्हणाले, "उशीर झाला, पटल मेलं." आणि पुढच्या टेबलाकडे जायचं सोडून मी तिथेच स्टूल ओढून बसले.  एकाने पाणी आणून दिलं.

दवाखान्यातलं यंत्र लावून पाहिलं. बाबांनी ह्या वेळी वाद घातला नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. यंत्र सुरू झालं की त्यांचा रक्तदाब खाली जायचा, डोळे फिरायचे, ओठ पांढरे पडायचे. दर वेळी यंत्र मधेच थांबवावं लागे. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हृदय आता साथ देत नाही, म्हणाले, आणि दर वेळी इतके हाल करून हाती काही लागत नाही. मी त्यांच्याशी हुज्जत घातली. दुसरं औषध, दुसरं शहर, दुसरं यंत्र. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत येऊन बाबांनाच विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी जाऊया बाय."

निघताना मी सवयीने विचारलं, "पथ्य काय काय पाळायचं?"

डॉक्टर म्हणाले, "आता पथ्य नको. मागतील ते द्या, थोडं थोडं."

ज्या माणसाने दोन-अडीच वर्षं मला बटाट्याच्या एका फोडीवरून दटावलं होतं, तो आता सगळे वासे काढायला सांगत होता. मी गोळ्यांची पिशवी उचलली आणि बाहेर येऊन रिक्षा बघायला लागले.

बाबांची जीभ कोरडी पडली होती, ओठांना चिरा पडल्या होत्या. घरी आल्यावर मी त्यांना काय हवं ते विचारत होते. चहा नको, पेज नको. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "शहाळा हाय का गो?" मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसून राहिले. ते शहाळंच मागतील ह्याची मला कल्पना होती. ऐकल्यावर मात्र उठवेना.

मी खाली आतेच्या घरी गेले. त्या व्हरांड्यातल्या दिवसापासून मी तिच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती उठली, सूप हातातच.

"काय झाला?"

"बाबा शहाळं मागतायत."

तिने सूप खाली ठेवलं. "डाक्टर...?"

"चालेल म्हणाले."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, लहान मुलीसारखा, आणि मला तो बघवेना. "बगलास? मी सांगत होते," असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने शेजारच्या पोराला हाक मारून माडावर चढवलं. अंगणाच्या कडेचा तो माड तिच्या सासऱ्यांनी लावलेला, त्याचं पाणी वाडीत सगळ्यात गोड, असं ती कायम सांगायची. खाली उभी राहून ती त्याला ओरडून सांगत होती, तो नको, तो जून हाय, पलीकडचा. दोन शहाळी घेतली, एक कडेवर, एक हातात, मला एकही धरू दिलं नाही. चढावर तिला धाप लागत होती तरी ती माझ्या पुढेच चालत होती.

बेड्यापाशी ती थांबली. मी वासे काढले, एकेक करून, आणि गडग्याला टेकवून ठेवले.

पडवीत आल्यावर तिने विचारलं, "तोंडाला ता बांधू?" मी नको म्हणाले. तरी ती नळावर गेली आणि हात धुवायला लागली. बोटांच्या मधे, नखांत, मनगट, मग कोपरापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून, अगदी मी धुते तसे. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. गडग्यापलीकडून, खिडकीतून बघून शिकली होती. हात कशालाही लागू न देता उंच धरून ती खोलीत आली, शहाळी मागून मी आणली.

बाबा तिला बघून हसले. "अक्का, आत आलीस?"

"आलंय रे. ह्या बघ काय आनलाय."

मी शहाळं फोडून दिलं. तिने पेला पुढे केला, मग थबकली आणि उशाशी बाटली शोधू लागली. बाटली तिथे नव्हती. मी ती आदल्या दिवशीच घासून फळीवर पालथी घातली होती.

"बाय, माप किती?" तिने विचारलं.

"माप नाही," मी म्हणाले. "त्यांना हवं तेवढं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाबांकडे, त्यांच्या सुजलेल्या पायांकडे, कोपऱ्यात ठेवलेल्या रिकाम्या पिशव्यांच्या खोक्याकडे. जे मला तिला सांगता आलं नव्हतं ते तिला तेव्हा कळलं. ती खाटेच्या कडेवर बसली. पेला भरताना तिने एक थेंबही सांडू दिला नाही. बाबांच्या मानेखाली हात घालून तिने त्यांना उचललं आणि पेला ओठांना लावला.

बाबांनी एक घोट घेतला. तोंडात तसाच धरून ठेवला, जिभेवर फिरवला, कारखान्यात करायचे तसा. मग गिळला.

"खारट लागतोय," म्हणाले.

"माज्या माडाचा हाय रे," आते म्हणाली. "तो कसा खारट लागंल?"

बाबा डोळे मिटून हसले. "डबा गळला गो अक्का."

आतेने पेला स्वतःच्या ओठांना लावला, एक घोट घेतला आणि तो माझ्या हातात दिला. मी चाखून बघितलं. पाणी गोड होतं.